धाराशिव परिसरातील धर्मस्थळे : वास्तूंचे वय आणि उपासनेचे वय

मराठवाड्याच्या दक्षिण भागात, बालाघाटच्या पठारावर धाराशिव हे जिल्ह्याचे लहानसे शहर वसले आहे. त्याच्या भोवतालच्या मुलखात जी धर्मस्थळे आहेत, त्यांची संख्या फार मोठी नाही. परंतु त्यांचे वैविध्य मात्र लक्षणीय आहे. ईशान्येस तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव, शहरालगतच्या डोंगरात कोरलेली लेणी, दक्षिणेस तुळजापूरचे भवानीमंदिर, शहराच्या वस्तीत हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आणि जिल्ह्याच्या पश्चिमोत्तर भागातील कुंथलगिरीचे जैन सिद्धक्षेत्र, अशी ही स्थळे आहेत. बौद्ध, जैन, शैव, वैष्णव, शाक्त, वारकरी व सूफी अशा परंपरांच्या खुणा एवढ्या आटोपशीर प्रदेशात एकत्र सापडाव्यात, ही गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या स्थळांविषयी सामान्यतः विचारला जाणारा प्रश्न असा की, अमुक वास्तू मूळची कोणत्या धर्माची? प्रश्न गैर नाही. परंतु तो एकटाच विचारला तर उत्तर अपुरे राहते. वास्तू उभी राहिली तो काळ एक, तिच्यात आज चालू असलेली उपासना सुरू झाली तो काळ दुसरा, आणि ज्या मूर्तीपुढे ती उपासना होते तिचा काळ कित्येकदा तिसराच असतो. ही तीन वये एकमेकांत मिसळली की इतिहासाऐवजी वाद उत्पन्न होतो. ती वेगळी केली की तीच वास्तू दीड-दोन हजार वर्षांचा वृत्तांत सांगू लागते. धाराशिव परिसरातील पुराव्याच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शहर आणि त्याची नावे

धाराशिव या नावाची स्थानिक व्युत्पत्ती धारासुर नावाच्या असुराशी जोडली जाते, आणि त्याचा वध करणारी देवी धारासुरमर्दिनी या नावाने शहरात पूजिली जाते. अशा कथा नावाचा इतिहास सांगत नाहीत. त्या त्या नावाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी सांगतात. ऐतिहासिक काळात हा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता. इ. स. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६० मध्ये निजामाकडे परत आला. या मधल्या अवधीत काही वर्षे नळदुर्ग येथून त्याचा कारभार पाहणारा अधिकारी म्हणजे मेडोज टेलर हा होय. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अलीखान यांच्या नावावरून शहराला उस्मानाबाद म्हटले जाऊ लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये या जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा करण्यात आला, आणि २०२३ मध्ये शहर व जिल्हा या दोहोंना धाराशिव हे नाव शासनाने पुन्हा दिले.

नावांची ही अदलाबदल अगदी अलीकडची असल्यामुळे तिचा प्रत्येक टप्पा कागदोपत्री दाखविता येतो. परंतु याच परिसरातील एका नगराचे नाव कित्येक शतके विस्मृतीत गेले होते व ते भाषाशास्त्राच्या आणि प्रवासवर्णनाच्या साहाय्याने शोधून काढावे लागले. ते नगर म्हणजे तगर.

२. तगराचा शोध

इ. स. च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांचा विशेष उल्लेख आहे. पहिली पैठण, ती बारिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर होती. दुसरी तगर, ती पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून फार मोठे नगर होते. तगराहून जाडेभरडे कापड, मलमलीचे निरनिराळे प्रकार आणि पूर्वेकडील किनाऱ्याच्या मुलखातून तेथे येणारा माल गाड्यांतून भडोचला जात असे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी यानेही तगराची नोंद केली आहे.

एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी हे नगर अनेक ठिकाणी शोधले. विल्फर्ड याने ते देवगिरी मानले, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचविले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धारूरकडे लक्ष वेधले. अखेर १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असा निर्णय दिला व तो सर्वमान्य झाला. हा निर्णय केवळ शेवटचा म्हणून मान्य झाला नाही. त्यामागील युक्तिवाद पद्धतीच्या दृष्टीने आजही अभ्यसनीय आहे.

प्रथम दिशेचा विचार करू. देवगिरी पैठणच्या उत्तरेस आहे आणि जुन्नर पश्चिमेस; त्यामुळे ‘पूर्वेस’ या शब्दाशी दोन्ही स्थळे विसंगत ठरतात. तेर हेही नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, हे खरे. परंतु दिशेचा स्थूल निर्देश तेथे जुळतो. दुसरे प्रमाण अंतराचे. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किलोमीटर, तर पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर आहे. पहिले वीस दिवसांनी व दुसरे दहा दिवसांनी भागले, तर दिवसाकाठी पंधरा ते साडेसतरा किलोमीटर असा जवळजवळ सारखाच वेग निघतो. मालाने लादलेल्या बैलगाड्यांच्या तांड्याला, वाटेत नद्या व घाट असताना, हा वेग स्वाभाविकच आहे. धारूर दिशेच्या कसोटीला उतरते. पण ते पैठणपासून बरेच जवळ, सुमारे १०५ किलोमीटरवर आहे.

तिसरे व निर्णायक प्रमाण नावाचे आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’चा लोप होतो व त्या जागी लघुप्रयत्न ‘य’ येतो. तगर, तयर, तेर ही परंपरा त्या नियमाला धरून आहे. ‘नगर’ या शब्दाचे ‘नयर’ व पुढे ‘नेर’ असे जे रूपांतर संगमनेर, पारनेर, अमळनेर या ग्रामनामांत दिसते, तेच येथेही घडले आहे. उलट ‘तगर’मधील आद्य ‘त’चा ‘ध’ होऊन ‘धारूर’ कसे बनले, हे कोणत्याही नियमाने सांगता येत नाही.

या नावाचा प्रवास लेखांतूनही दिसतो. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६१२-१३ च्या हैदराबाद ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचे म्हटले आहे. कोकणावर व कोल्हापूरच्या मुलखावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यांचे राजे पुढील शतकांत ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद अभिमानाने लावीत. तगराशी त्यांचा संबंध त्या वेळी वंशस्मृतीपुरताच उरला होता, तरी ती स्मृती त्यांनी सोडली नाही. आणि अकराव्या शतकाच्या सुमाराचे अपभ्रंश काव्य ‘करकंडचरिउ’ याच स्थळाला ‘तेरापुर’ म्हणते. हे काव्य हीरालाल जैन यांनी संपादून १९३४ मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. म्हणजे फ्लीट यांनी ध्वनिनियमांवरून जे अनुमान काढले, त्याला अनुकूल असे मध्ययुगीन रूप तेहतीस वर्षांनी छापील स्वरूपात उपलब्ध झाले. अनुमान आधी व पुरावा नंतर, असा हा क्रम पुरातत्त्वाच्या इतिहासात वारंवार दिसत नाही.

३. तेरची मंदिरे

तगर ही मोठी पेठ होती, या विधानाला जमिनीतील पुराव्याने दुजोरा दिला आहे. तेर येथे १९५८ मध्ये चापेकर यांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतरच्या दशकांतही तेथे वेळोवेळी उत्खनने झाली. सातवाहनकालीन वस्तीचे थर, विटांच्या स्तूपाचे अवशेष, पांढऱ्या मातीच्या साच्यांतून काढलेल्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू आणि रोमन संपर्क दाखविणारे पदार्थ यांची त्यांत नोंद झाली. तेर येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तुलनीय आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्याने, या जातीचे कलाकाम पहिल्या शतकात समुद्रापार पोचले होते हे निश्चित होते. या वस्तूंचा मोठा भाग तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविला आणि त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे उभे आहे.

परंतु सातवाहनकालीन तगर जमिनीखाली गेले असताना, प्राचीन तेरचा एक भाग मात्र जमिनीवर उभा राहिला. तो म्हणजे त्रिविक्रम मंदिर. हे विटांचे मंदिर गजपृष्ठाकार आहे; म्हणजे त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून छप्पर हत्तीच्या पाठीसारखे कमानदार आहे, आणि दर्शनी बाजूस वर चैत्यगवाक्षाचा आकार दिसतो. पुढील सपाट छताचा मंडप त्याला नंतर जोडलेला आहे. कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेरचे वर्णन करताना, हा मूळचा बौद्ध चैत्य असून तो पुढे विष्णूच्या उपासनेकडे आला, असे मत मांडले. कार्ले, भाजे येथील चैत्यगृहे डोंगरात कोरलेली आहेत. त्यांचा आकार ज्या बांधीव इमारतींवरून घेतला, त्या इमारती जवळजवळ सर्वच नष्ट झाल्या. भारतात बांधीव स्वरूपात टिकलेल्या अशा मोजक्या वास्तूंत तेरचे त्रिविक्रम मंदिर आणि आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर यांची गणना होते.

कझिन्स यांच्या मतावर पुढे आक्षेपही घेतले गेले. गजपृष्ठाकार विधान हे केवळ बौद्धांचे नव्हते. ऐहोळेच्या दुर्गमंदिरासारखी ब्राह्मणी धर्माची मंदिरेही त्या आकाराची आहेत. तेव्हा आकारावरून धर्म ठरविता येत नाही, हा आक्षेप तत्त्वतः योग्य आहे. वास्तूच्या काळाविषयीही एकवाक्यता नाही. तथापि दोन गोष्टी वादातीत आहेत. एक, वास्तूचा मूळ भाग हा आज दिसणाऱ्या मंडपाहून जुना आहे. दुसरी, तो टिकला याचे कारण त्यात देव होता. तेरमधील ज्या विटांच्या इमारतींत पूजा उरली नाही, त्यांच्या विटा पुढच्या घरांना व बांधांना गेल्या. ज्या गाभाऱ्यात दिवा लागत राहिला, त्याच्या भिंतीला गावाने हात लावला नाही. मंडप जोडणे, गिलावा देणे, रंग लावणे ही कामे मूळ रूप झाकतात, हे खरे; पण तीच कामे भिंत पडू देत नाहीत.

तेर येथील उत्तरेश्वर मंदिराचा दाखला याला पूरक आहे. तेही विटांचे, त्याच्या दाराची कोरीव लाकडी चौकट प्राचीन मराठी मुलखातील काष्ठशिल्पाचा दुर्मीळ नमुना म्हणून ख्यात आहे आणि ती आता संग्रहालयात ठेवलेली आहे. दगडावरील नक्षी शतकानुशतके राहते. लाकूड ऊन, पाऊस व वाळवी यांपुढे टिकत नाही. ही चौकट टिकली ती वापरातल्या देवळाच्या दाराला होती म्हणून. कालेश्वर हे तिसरे विटांचे मंदिरही याच परंपरेतील आहे.

मध्ययुगात तेरची ख्याती आणखी एका कारणाने झाली. नामदेव-ज्ञानदेवांच्या संतमेळ्यातील ज्येष्ठ संत गोरोबाकाका कुंभार हे तेरचे. परंपरेप्रमाणे त्यांची समाधी शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मधील असून ती तेरणेच्या काठी आहे. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे ते ठरविल्याची कथा याच गावाशी निगडित आहे. पेठ म्हणून तगर मावळल्यानंतरही हजार वर्षांनी वारकऱ्यांच्या पायांनी तेर जागते राहिले. आज गावात येणारा बहुसंख्य यात्रेकरू गोरोबांच्या दर्शनाला येतो. त्रिविक्रमाचे प्राचीनत्व त्याला ठाऊक असतेच असे नाही. तरीही त्याच्या येण्यामुळेच गावातील जुन्या देवळांभोवती वर्दळ व देखभाल राहिली, हे लक्षात घेतले पाहिजे.

४. धाराशिवची लेणी

शहराबाहेर दोन-तीन किलोमीटरवर बालाघाटच्या उतारात कोरलेल्या लेण्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व-सर्वेक्षणाच्या १८७८ च्या तिसऱ्या खंडात त्यांचे वर्णन केले आणि फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात ती जैन लेणी म्हणून गणली गेली. मुख्य लेण्याचे दालन सुमारे ऐंशी फूट लांब व तितकेच रुंद असून, त्याच्या भोवती खोल्या आणि मागील भिंतीत गाभारा आहे. गाभाऱ्यातील पद्मासनस्थ मूर्ती पार्श्वनाथ म्हणून पूजिली जाते. पुढे मधुकर केशव ढवळीकर यांनी असे प्रतिपादन केले की, ही लेणी मूळची बौद्ध असून नंतर जैनांकडे गेली. खांबांनी वेढलेले चौक, भोवतालच्या निवासी खोल्या व मागील गाभारा ही रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळते, हा त्यांच्या बाजूचा मुख्य आधार होय.

या वादात एक साक्षीदार असा आहे की ज्याचा उल्लेख सहसा जैन पक्षाचा पुरावा म्हणून होतो, परंतु ज्याची साक्ष दोन्ही बाजूंनी ऐकली पाहिजे. तो म्हणजे मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’. चंपेचा राजा करकंड दक्षिण दिग्विजयास निघाला असता तेरापुराजवळ तळ देतो. जवळच्या डोंगरात लेणे आहे आणि डोंगरावरील वारुळाची एक हत्ती कमळे वाहून पूजा करतो, असे त्याला कळते. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथाची मूर्ती सापडते. ती लेण्यात नेली जाते. तेथील जुन्या शिल्पात एक बेडौल गाठ दिसते. ती फोडू नये असे कारागीर सांगतो. राजा ऐकत नाही. गाठ फुटताच पाण्याचा लोट उसळून लेणे भरून जाते. पश्चात्तापदग्ध राजाला मग लेण्यांचा पूर्ववृत्तांत सांगितला जातो : उत्तरेकडून आलेल्या नील व महानील या विद्याधर बंधूंनी तेरापुरात राज्य स्थापून लेणे केले होते. यानंतर करकंड स्वतःही तेथे नवी लेणी कोरवितो.

हीरालाल जैन यांनी काव्यातील लेणी म्हणजे धाराशिवचीच लेणी, असे दाखवून दिले. ही कथा इतिहास म्हणून शब्दशः घेता येणार नाही. परंतु तिच्या रचनेत एक ऐतिहासिक जाणीव स्पष्ट आहे. अकराव्या शतकातील कवीला हे माहीत आहे की, डोंगरातील लेणी एकाच वेळची नाहीत; मूर्ती लेण्याबरोबर घडलेली नसून बाहेरून आणून बसविलेली आहे; आणि काही लेणी जुन्या राजवंशाची तर काही नंतरची आहेत. म्हणजे वास्तूचे वय व उपासनेचे वय वेगळे असते, हे आधुनिक संशोधकाच्या नऊशे वर्षे आधी एका जैन मुनीने कथेच्या भाषेत नोंदवून ठेवले आहे. स्वतः विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणविणारे व तगराचे बिरुद लावणारे शिलाहार राजे आणि काव्यातील तेरापुरचे विद्याधर बंधू यांच्यातील साम्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

आणखी एक गोष्ट. करकंड हा नायक केवळ जैनांचा नाही. जैन आगमपरंपरेत तो जसा प्रत्येकबुद्ध आहे, तसाच बौद्धांच्या कुंभकार जातकातही तो चार प्रत्येकबुद्धांपैकी एक आहे. ज्या नायकाला दोन्ही परंपरांनी आपले मानले, त्याच्या नावे दोन्ही परंपरांच्या वादातील लेण्यांची कथा सांगितली जावी, ही गोष्ट योगायोगाची असो वा नसो, ‘मूळ मालक कोण’ हा प्रश्न त्या काळच्या समाजाने आजच्या तीव्रतेने विचारला नव्हता असे सूचित करते. ढवळीकरांचे मत स्वीकारले तरी, लेणी जैनांकडे आली ती बळाने की ओसाड पडल्यानंतर, याचा निवाडा आकृतिबंधावरून होऊ शकत नाही. मोडतोडीचा स्वतंत्र पुरावा असल्याखेरीज ‘बळकावणे’ हा शब्द अभ्यासकाने वापरू नये.

या परिसरातील जैन उपासना लेण्यांपुरती राहिली नाही. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण व देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान मानले जाते. तेथेच १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर यांनी सल्लेखनाव्रताने देह ठेवला. बालाघाटातील जैन स्मृती ही केवळ पुरातत्त्वाचा विषय नसून जिवंत आचार आहे, याचे हे अलीकडील प्रमाण होय.

५. तुळजापूर व शहरातील दर्गा

तुळजापूरची भवानी महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. यमुनाचलावर वसलेल्या या मंदिरात प्रवेश करताना भाविक कल्लोळतीर्थ व गोमुखतीर्थ ओलांडून पायऱ्या उतरतो. देवीची मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची असून ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविली जाते. सीमोल्लंघनाची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते व तिचा मान परंपरेने ठरलेल्या घराण्याकडे आहे. भोसले घराण्याची ही कुलदेवता; त्यामुळे मराठ्यांच्या राजकीय इतिहासात तिला विशेष स्थान आहे.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत, अफजलखानाने १६५९ च्या स्वारीत तुळजापूरच्या भवानीचा विध्वंस केल्याचे नमूद आहे. बखर घटनेनंतर सुमारे चार दशकांनी लिहिलेली आहे, हे ध्यानात ठेवून तिची साक्ष तपासावी लागते. शिवाजीमहाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली ती या स्वारीनंतर. परंतु उपासनेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, संकट आले तरी तुळजापूरचे पीठ मोडले नाही. ज्या देवतेची मूर्ती आचारानेच चल आहे, जिच्या पालखीचा मान दूरच्या गावी विभागलेला आहे, तिचे अस्तित्व एकाच दगडी इमारतीवर अवलंबून राहत नाही. येथे टिकाऊपणा बांधकामात नसून हक्क, मान व कर्तव्ये यांच्या जाळ्यात आहे. म्हणून तुळजापूरचा इतिहास लिहिताना शिल्पाइतकेच पुजाऱ्यांचे व मानकऱ्यांचे कागद महत्त्वाचे ठरतात.

धाराशिव शहरातील ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याविषयीही असेच म्हणता येईल. तेथील वार्षिक उरुसात मुसलमानांबरोबर हिंदू भाविकही सामील होतात. या स्थळाचा अभ्यास बांधकामशैलीपुरता मर्यादित ठेवला, तर शहराच्या सामाजिक जीवनातील त्याचे स्थान नजरेआड होते. नवस, संदल, यात्रेतील दुकानांच्या जागा व सेवेकऱ्यांचे परंपरागत हक्क हाही इतिहासाचा कच्चा माल आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, या परिसरात उपासना ही जतनाची सर्वांत परिणामकारक व्यवस्था ठरली आहे. तगराचे वाडे, वखारी व बाजार जमिनीत गेले. राहिली ती देवळे, लेणी व समाध्या. दुसरा असा की, ही व्यवस्था जतन करताना बदलही करते. ती मंडप जोडते, मूर्ती आणते, कथा रचते. हे बदल म्हणजे मूळ पुराव्यावरील मळ नव्हे. तेही पुरावेच आहेत. त्रिविक्रम मंदिराचा मंडप खरवडून काढला तर ‘शुद्ध’ चैत्य हाती येणार नाही. वास्तूच्या इतिहासाचा एक खंड मात्र नाहीसा होईल.

तिसरा निष्कर्ष अधिक काळजीचा आहे. उपासनेने जे राखले नाही, ते राखणारी दुसरी व्यवस्था फार उशिरा आली. तेरच्या पांढरीतून पावसाळ्यात वर आलेल्या व खणताना मिळालेल्या हजारो वस्तू एका संग्राहकाच्या चिकाटीने वाचल्या. परंतु यांतील बहुतेक वस्तू कोणत्या थरातून, कोणत्या भिंतीजवळून, कशाच्या सान्निध्यात निघाल्या, ही माहिती कायमची गेली. वस्तू वाचली, तिचा संदर्भ वाचला नाही. हस्तिदंती मूर्तीची तुलना पाँपेईशी करता येते. पण ती तगरातील कोणाच्या घरात होती, कारागिराच्या की व्यापाऱ्याच्या, हे आता सांगता येत नाही. शैलीवरून काळ ठरविणे हा त्यामुळे नाइलाजाने पत्करलेला मार्ग आहे.

आज जिवंत स्थळांपुढेही नवा प्रश्न उभा आहे. पूर्वी देवळाची दुरुस्ती हळूहळू, पिढ्यापिढ्यांनी होत असे, व प्रत्येक थर खालच्या थराला बहुधा तसाच ठेवून वर चढे. वाढती गर्दी, सिमेंट, गुळगुळीत फरशी व तैलरंग यांमुळे एका दुरुस्तीत अनेक शतकांचे थर एकदम पुसले जाऊ शकतात. उपासना आणि जतन यांची पूर्वीची एकवाक्यता यापुढे आपोआप राहीलच असे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी विद्यापीठीय अभ्यासकाचे पहिले कर्तव्य स्थळाचा मूळ धर्म घोषित करणे हे नसून, दुरुस्तीपूर्वी त्याची नोंद करणे हे आहे : मोजमापे, छायाचित्रे, विटांचे आकार, जोडकामाच्या रेषा, पुजाऱ्यांकडील कागद व वृद्धांच्या आठवणी. करकंडाने कारागिराचा सल्ला न ऐकता गाठ फोडली आणि लेणे पाण्याने भरले. ती गाठ काय होती हे त्यानंतर कोणालाच पाहता आले नाही.